वांगडा

डोंबिवली,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय छोटू,



परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, यंदा कुठे जाणं नको. पोरगा नववीत आहे. आता एकदम बारावी झाल्यावरच बघू." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ते 'बरं' दोन दिवस मला टोचत राहिलं. जे सांगायचं होतं ते फोनवर नीट आलं नसतं, म्हणून हे पत्र. घरात दोघांनी मिळून वाचा.

आधी साधा हिशेब मांडू. तुझा मुलगा नववीत, मुलगी सहावीत. पुढच्या वर्षी त्याची दहावी, मग अकरावीपासून क्लास, बारावीला सीईटी. त्याची बारावी आटोपेल तेव्हा मुलगी दहावीत जाईल. तिची बारावी येईल तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, बहुधा दुसऱ्या कुठल्या गावात हॉस्टेलवर असेल. म्हणजे ज्या मोकळ्या वर्षाची तू वाट बघतो आहेस, ते वर्ष या सगळ्यात कुठेच नाही. मी हे ठामपणे सांगू शकते, कारण आम्ही आठ वर्षं तीच वाट पाहिली.

आम्ही चौघं शेवटचे महाबळेश्वरला गेलो तेव्हा मोठी पाचवीत होती आणि धाकटा दुसरीत. त्यानंतर कोरोना आला. मग सासूबाईंचं आजारपण, मोठीची दहावी, तुझ्या भाऊजींची बदली, पुन्हा मोठीची बारावी. दरवर्षी कारण खरंच होतं. एकही सबब नव्हती, आणि म्हणूनच आठ वर्षं गेल्याचं कळलं नाही. यंदा मोठी कॉलेजात गेली आणि धाकटा दहावीत आला, आणि एका रात्री माझ्या लक्षात आलं की पुढच्या दोन वर्षांत ही मुलगी शिकायला बाहेर पडली तर चौघांनी मिळून केलेला शेवटचा प्रवास म्हणून घोडेस्वारी आणि स्ट्रॉबेरीचे फोटोच आपल्याकडे उरतील. दुसऱ्या दिवशी मी दिवाळीनंतरची मांडवी एक्सप्रेसची तिकिटं बघायला बसले.

"दहावीच्या वर्षात सहा दिवस मालवण?" हे मला सगळ्यांनी विचारलं. सासरच्यांनी विचारलं, शेजारणीने विचारलं, त्याच्या क्लासच्या सरांनीही विचारलं. मालवणच का, हे मात्र कोणी विचारलं नाही. ते तुला सांगायची गरज नाही. आपले अण्णा दर मे महिन्यात म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुम्हाला सिंधुदुर्ग दाखवतो." एक वर्ष माझी बारावी होती, एक वर्ष तुझी दहावी, मग आईचं ऑपरेशन. त्यांचं दाखवणं राहून गेलं आणि आपलं त्यांच्याबरोबर बघणं राहून गेलं.

आता प्रवासाचं सांगते, आणि जसं झालं तसंच सांगते.

पहिला दिवस चांगला गेला नाही. सकाळी ठाण्याला गाडीत बसलो. मोठी वरच्या बर्थवर गेली, धाकटा खिडकीत बसला, आणि दोघांच्याही कानांत इअरफोन. मी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. त्यांना गाडीतलं कटलेट हवं होतं. बाहेर चिपळूणच्या पुढे डोंगर, ओढे, कापणी झालेली भातखाचरं सरकत होती आणि मी मधूनमधून "बघा, बघा" करत होते. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, तोवर या वाटेवर एसटीने रात्र काढावी लागायची, हेही सांगून झालं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, नेटवर्क गेलं. मला वाटलं, आता तरी बोलतील. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला फार लागलं ते. आठ वर्षांनी निघालो आणि ही मुलं आपल्याबरोबर नाहीतच, असं वाटलं.

कुडाळला उतरून रिक्षाने तीसेक किलोमीटर मालवण. तारकर्लीला समुद्राजवळच्या एका घरात दोन खोल्या घेतल्या होत्या. रात्री जेवताना मी वहीतलं वेळापत्रक वाचून दाखवलं. सकाळी सहाला उठायचं, मग किल्ला, मग रॉक गार्डन, दुपारी डॉल्फिन, संध्याकाळी संगम. मोठीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, आम्ही वर्षभर असंच जगतो. सहाला उठून, तासातासाचं. इथेही तसंच करायचं का?"

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, दमणूक होती. तुझे भाऊजी माझ्याकडे बघत होते. मी ती वही मोठीकडे दिली आणि म्हटलं, "तूच ठरव." तिने एका दिवसात एकच गोष्ट ठेवली. सकाळी कोणी कोणाला उठवायचं नाही. दोन्ही वेळा जेवायला मात्र चौघांनी एकत्र बसायचं, आणि त्या वेळी फोन खोलीत ठेवायचे. ही शेवटची अट तिने स्वतः घातली, आम्ही नाही.

उशिरा उठण्यावरून आपण घरात किती वाद घालतो, छोटू. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवतं, हे मी पूर्वीही वाचलं होतं. पण सलग दोन दिवस नऊपर्यंत झोपून उठलेल्या आपल्याच मुलांचे चेहरे बघितले तेव्हा ते खऱ्या अर्थाने कळलं. किती महिन्यांची झोप बाकी होती त्यांची!

दुसऱ्या दिवशी किल्ला. मालवणच्या धक्क्यावरून होडी निघाली. दुरून नुसता तट दिसतो, दरवाजा काही दिसत नाही. तो असा वळणात बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत शत्रूला सापडू नये. कुरटे बेटावर 1664 साली महाराजांनी याचा पाया घातला, तो तट नागमोडी वळणं घेत सुमारे तीन किलोमीटर फिरतो. हे सगळं मी पाठ करून आले होते, पण सांगितलं धाकट्याने. त्याने आदल्या रात्री फोनवर वाचून ठेवलं होतं. मी बोगद्यात ज्या फोनवर रुसले होते, त्याच फोनवर. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यांच्या काठाशी तो बराच वेळ वाकून बघत राहिला. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ बघितलं. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा बघितला. तिथे मला अण्णांची फार आठवण आली. मी काही बोलले नाही, पण परतताना हलत्या होडीत पाय टाकताना मोठीने न सांगता माझा हात धरला आणि होडी धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते.

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर धाकट्याचं अंथरूण रिकामं. जो मुलगा घरी हाका मारल्याशिवाय उठत नाही, तो कोणी न उठवता साडेपाचला समुद्रावर गेला होता. मी धावतच गेले. किनाऱ्यावर रापण लागली होती. तू कधी पाहिली आहेस का? जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या दोन रांगा लागतात. दोर ओढत ओढत मागे जायचं, पार मागे पोचलेल्या माणसाने दोर सोडून पुन्हा पुढे पाण्यापाशी येऊन धरायचा. असं तास-दीड तास चालतं. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ येतात.

आमचा मुलगा एका रांगेत उभा होता. टाचा वाळूत रुतवून, दात-ओठ खात, सगळी ताकद लावून ओढत होता. त्याच्या पुढचे सत्तरीचे एक काका मागे वळले आणि म्हणाले, "झिला, जोर काढू नको. आमच्या वांगडा चल."

त्याला शब्द कळला नाही, पण काकांच्या हाताची खूण कळली असावी. त्याने समोरच्याच्या पावलाकडे बघितलं, त्याचं पाऊल उचललं की आपलं उचलायचं, असं सुरू केलं. पाचेक मिनिटांत तो त्या रांगेतला एक होऊन गेला. मी लांब वाळूत बसून बघत होते. दोन रांगांचं अंतर मिटत आलं, जाळं पाण्याबाहेर दिसायला लागलं, वर घारी जमल्या. आत पेडवे, तारल्या, थोडे बांगडे, एक-दोन खेकडे. काकांनी त्याच्या हातावर मूठभर मासे ठेवले, कारण दोराला हात लावणाऱ्याचा वाटा असतोच. दोन्ही तळहातांवर फोड आलेले आणि त्यांत चांदीसारखे पेडवे, असा तो माझ्यासमोर आला आणि विचारलं, "आई, वांगडा म्हणजे काय?"

म्हटलं, "बरोबर. सोबत."

तो म्हणाला, "आधी मी एकटाच ओढत होतो गं. दोर हलतच नव्हता."

तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. मुलं लहान असताना आपण पुढे चालतो, ती बोट धरून मागे येतात. चौदा-पंधराव्या वर्षी बोट सुटतं आणि आपण घाबरतो. मग आपण दोर धरतो. क्लास, मार्क, वेळापत्रक. आपण जीव तोडून ओढतो आणि ती टाचा रुतवतात. आपला हेतू वाईट नसतो, आपली माया खोटी नसते. पण त्यांच्या पावलाकडे आपण बघितलेलंच नसतं. बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरी सापडत नाही. घरी मी त्यांना दारातून आत येताना आणि दारातून बाहेर जाताना पाहते. तिथे मी त्याला सलग दीड तास पाहिलं.

त्याच संध्याकाळी देवबागला गेलो, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. बापलेक पाण्यात उतरले. मी आणि मोठी वाळूत बसलो, मध्ये मालवणी खाज्याची पुडी. बराच वेळ दोघीही गप्प होतो. मग ती आपणहून सांगायला लागली. बारावीत असताना एका सराव परीक्षेत तिला फार कमी मार्क पडले होते. ते तिने घरी सांगितलं नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये दारापाशी तोंड फिरवून रडली आणि डोंबिवली यायच्या आत डोळे पुसले. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगणार होते. पण तू घरी सारखी काहीतरी करत असतेस. इथे तू नुसती बसली आहेस."

छोटू, हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. मी घरासाठीच राबत होते, यात शंका नाही. पण माझ्या मुलीला मी नुसती बसलेली हवी होते, आणि त्यासाठी तिला दीड वर्ष आणि देवबागचा संगम लागला.

आता तू विचारशील, धाकट्याच्या अभ्यासाचं काय? तो परत आला आणि दुसऱ्या दिवशी वह्या उघडून बसला. सहा दिवसांत जे बुडलं ते तो भरून काढतो आहे. फेब्रुवारीत त्याला किती मार्क पडतील ते मी आज सांगू शकत नाही. एवढंच सांगते की परवा रात्री गणित अडलं तेव्हा त्याने वही आपटली नाही, उठून ताईच्या खोलीत गेला. दोघं अकरा वाजेपर्यंत बोलत होते. ताई-धाकट्याचं असं बोलणं या घरात मी बऱ्याच काळाने ऐकलं.

म्हणून माझं ऐक. लांबचं, महागाचं काही नको. आम्ही बोनसच्या पैशांत भागवलं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेवढी तारीख तू सांभाळ. कुठे जायचं ते मात्र ठरवू नकोस. आज रात्री जेवण झाल्यावर नकाशा पोरांपुढे ठेव आणि बाजूला बस. त्यांनी समुद्र म्हटला तर समुद्र, डोंगर म्हटला तर डोंगर. कदाचित ती पहिल्यांदा "आम्हाला नाही यायचं" म्हणतील. वाईट वाटून घेऊ नकोस, उठूनही जाऊ नकोस. आमच्याकडेही सुरुवात तशीच झाली होती.

आणि मालवणच निवडलं, तर किल्ल्यावर त्या ठशापाशी क्षणभर थांब. अण्णांच्या वतीने मी तिथे आपल्या दोघांसाठी हात जोडले आहेत. तुझे हात तूच जोडायला हवेस, मुलांच्या वांगडा.

घरातल्या सगळ्यांना माझे आशीर्वाद. पत्राला उत्तर नको, तिकिटाची तारीख कळव.

तुझी,
ताई