सांध्याची मागली बाजू

आमच्या वडिलांचा पत्र्याच्या कामाचा लहानसा कारखाना आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी तेथें स्टेनलेस स्टीलचे पत्रे जोडण्यास शिकलों. आणि त्याबरोबरच आणखी एक गोष्ट शिकलों. तीच येथें सांगावयाची आहे.

स्टेनलेस स्टील हें लोखंडाचेंच भावंड. परंतु त्यांत शेंकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक क्रोमियम असतें. इ. स. १९१३ मध्यें इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यांनीं असें पोलाद तयार केलें. हवेंतील प्राणवायूशीं क्रोमियमचा संयोग होऊन पत्र्यावर एक अत्यंत पातळ, डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा तयार होतो, व तोच त्याचें गंजापासून रक्षण करतो.

भांडीं व टांक्या यांसाठीं जो पत्रा नेहमीं वापरतात, त्यांतून साध्या पोलादाच्या मानानें उष्णता सुमारें एक-तृतीयांशच वाहते. उलट तापल्यावर तो जवळजवळ दीडपट फुगतो. त्यामुळें उष्णता सांध्यापाशींच सांठते, आणि पातळ पत्रा भाजलेल्या पापडासारखा वांकडातिकडा होतो. म्हणून प्रथम थोड्याथोड्या अंतरावर टांके घालावे, मग एकदां येथें, एकदां तेथें, असें जोडीत जावें, आणि मध्यें पत्रा निवूं द्यावा. टंगस्टनच्या सळईच्या टोंकाशीं पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीभोवतीं आर्गन वायूचें आवरण असतें. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. सांध्याच्या मागल्या बाजूसहि नळीनें आर्गन सोडावा लागतो. नाहींतर ती बाजू हवेनें जळून काळी व खरखरीत होते.

एका दूधवाल्या गृहस्थांची टांकी तयार होत होती. शेवटचा सांधा वडिलांनीं मजवर सोंपविला. त्याच सायंकाळीं आमचा क्रिकेटचा सामना होता. मागें नळी लावण्यांत अर्धा तास जाईल, असें मनांत येऊन मीं ती लावलीच नाहीं. बाहेरून सांधा माशाच्या खवल्यांसारखा सुरेख उतरला. "मागून आर्गन सोडला होतास ना?" वडिलांनीं विचारलें. मीं "होय" म्हटलें, आणि मैदानाकडे धूम ठोकली.

आठ दिवसांनीं ते गृहस्थ टांकी घेऊन परत आले. कितीहि धुतली तरी तींत दूध नासतें, अशी त्यांची तक्रार होती. वडिलांनीं आंत हात घालून सांध्यावरून बोट फिरविलें, व माझा हात धरून तेथेंच ठेवला. मला तो खरखरीतपणा लागला. त्याच्या फटींत दुधाचा अंश अडकून कुजत होता. मीं मान खालीं घालून खरें काय तें सांगितलें.

वडील मला रागावले नाहींत. ते त्या गृहस्थांस म्हणाले, "चूक आमची आहे. टांकी नवी करून देतों; पैसे द्यावयाचे नाहींत." मग माझ्याकडे वळून एवढेंच बोलले, "बाळ, गिऱ्हाईक बाहेरून पाहतें. दूध आंतून पाहतें."

दुसऱ्या दिवशीं मीं तो सांधा कापून काढला. साध्या लोखंडास कधीं न लावलेली नवी चकती घेऊन कडा घासल्या. कारण लोखंडाचे कण राहिले तर तेथेंच गंज धरतो. मग मागें नळी लावून, टांका टांका निवूं देत, सायंकाळपर्यंत काम पुरें केलें. वडिलांनीं पुन्हां आंत हात घातला. या वेळीं त्यांनीं मला कांहीं विचारलें नाहीं. आणि तें न विचारणेंच मला फार लागलें.

त्या गृहस्थांचें किती दूध फुकट गेलें, तें त्यांनीं सांगितलें नाहीं, व मलाहि विचारण्याचें धैर्य झालें नाहीं. परंतु आतां गणिताचें उत्तर बरोबर आलें, तरी वही मिटण्यापूर्वीं मी रीत पुन्हां एकदां तपासून पाहतों. त्या वेळीं बोटाला तो खरखरीत सांधा अजून लागतो.