खुर्च्या मांडावयास माणसें हवींत

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला इंग्लंडांतलें खेडें तें पाहण्यापूर्वींच ओळखीचें झालेलें असतें. ग्रे कवीची १७५१ सालची विलापिका शिकवितांना चर्चच्या आवारांतलीं थडगीं त्यानें वर्षानुवर्षें वर्णिलेलीं असतात. १७७० सालीं गोल्डस्मिथनें रंगविलेल्या उजाड गांवाची कहाणी त्यानें डोळ्यांत पाणी आणून नसली तरी आवाजांत कंप आणून वाचून दाखविलेली असते. आणि सेल्बोर्नच्या पाकोळ्यांची व कासवाची हकीकत लिहिणाऱ्या गिल्बर्ट व्हाइटची १७८९ सालची ती पत्रें त्यानें विद्यार्थ्यांस आग्रहानें वाचावयास सांगितलेलीं असतात. या सर्व गांवांत ओढे, झाडें, पाद्री आणि थडगीं यांची रेलचेल असते. परंतु सभेच्या दिवशीं तेथल्या हॉलमध्यें खुर्च्या कोण मांडतें, आणि सभा संपल्यावर चहाचे पेले कोण विसळतें, हें मात्र कोणी कवि सांगत नाहीं. ही माहिती मिळावयास मला वयाचीं पन्नास वर्षें ओलांडावीं लागलीं, आणि ती मिळाली ती कोणा ग्रंथकाराकडून नव्हे.

आमची मुलगी व जावई सॉमरसेट परगण्यांत, मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याशीं असलेल्या एका लहानशा गांवीं राहतात. मुलगी जवळच्या शहरांतील इस्पितळांत नोकरीस आहे. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. नकाशावर तें शोधावयास भिंग लागतें. तेथें मीं दोन उन्हाळे काढले. दर महिन्याच्या आरंभीं दाराला ठेवलेल्या पत्रांच्या फटींतून एक पातळसें चोपडें आंत पडे. गांवांतलेंच कोणीतरी तें घरोघर हिंडून टाकून जाई. हेंच त्या गांवचें मासिक. पहिल्या पानावर व्हिकरसाहेबांचें पत्र, त्याखालीं प्रार्थनेच्या वेळा. आणि त्या वेळा नीट पाहून घ्याव्या लागतात, कारण आजूबाजूच्या पांच गांवांत मिळून व्हिकर एकच. पुढें वेदीवरचीं फुलें कोणत्या रविवारीं कोणीं सजवावयाचीं त्याची पाळी. मग बातम्या. अमक्यांचें करड्या रंगाचें मांजर मंगळवारपासून दिसत नाहीं. हिरवळीवर कुत्रीं फिरविणाऱ्यांनीं त्यांच्यामागची घाण उचलावी, ही विनंती याही महिन्यांत करणें भाग पडत आहे. नदीकडे जाणाऱ्या पायवाटेवरचें लांकडी फाटक कुजलें आहे. विमेन्स इन्स्टिट्यूटच्या सभेंत मधमाशांवर व्याख्यान झालें, पाहुण्यांचे आभार मानण्यांत आले, आणि चिठ्ठ्या टाकून काढलेलें बक्षिस म्हणजे मधाचीच एक बाटली होती. शेवटच्या पानावर गांवांतले एक निवृत्त गृहस्थ गेल्या महिन्यांत आपल्या परसांतल्या पर्जन्यमापकांत किती पाणी सांठलें तें देतात, आणि मागच्या सालाशीं त्याची तुलना करतात. कोणी मृत्यु पावलें असेल तर त्याच्याविषयीं चार-सहा ओळी. पण त्या ओळींत गौरवाचे मोठाले शब्द नसतात, त्यानें किती वर्षें चर्चच्या घड्याळाला किल्ली दिली तेवढें असतें.

अशा मासिकांची चाल फार जुनी नव्हे, पण अगदीं नवीही नव्हे. १८५९ सालीं डर्बी येथें अर्स्किन क्लार्क नांवाच्या पाद्र्यानें आपल्या पॅरिशचें मासिक सुरू केलें, त्याला या प्रकारांतला आद्य पुरुष समजतात. त्यापूर्वीं गांवच्या बारीकसारीक घडामोडींना छापील शाईचा मान क्वचितच मिळे. एक अपवाद मात्र मला आवर्जून सांगितला पाहिजे. मेरी रसेल मिटफर्ड ही रेडिंगजवळच्या थ्री माइल क्रॉस या खेड्यांत राहत असे. बापानें सारी दौलत जुगारांत घालविली, तेव्हां घर चालविण्यासाठीं तिनें त्या खेड्याचीं चित्रें लिहावयास घेतलीं, आणि १८२४ ते १८३२ या काळांत त्यांचे पांच भाग प्रसिद्ध झाले. शेजारचा चांभार, कोपऱ्यावरचें दुकान, चेंडूफळीचा सामना, असल्या गोष्टींवर पोट भरतां येतें हें तिनें दाखवून दिलें. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलबाईंनीं १९३० सालच्या कादंबरीपासून सेंट मेरी मीडमध्यें खुनी पकडले, तेही अखेर या बारीकसारीक गोष्टींवर नजर ठेवूनच. परंतु कादंबरीला खून लागतो. मासिकाला फाटक कुजलें तरी पुरतें.

फाटक कुजलें तर बोलावयाचें कोणाशीं? पॅरिश कौन्सिलशीं. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच ही संस्था, पण तिचा अधिकार फारच बेताचा. ग्लॅडस्टनच्या अखेरच्या मंत्रिमंडळानें मांडलेल्या १८९४ सालच्या कायद्यानें ती जन्मास आली. तोंपर्यंत गांवचा कारभार चर्चच्या बैठकींतून, म्हणजे बव्हंशीं जमीनदार व पाद्री यांच्या मर्जीनें चाले. या कायद्यानें शेतमजुरालाही त्या टेबलाशीं बसण्याचा हक्क दिला, आणि विशेष म्हणजे स्त्रियांनाही दिला; पार्लमेंटचें दार त्यांना उघडण्यापूर्वीं वीस-पंचवीस वर्षें. आज इंग्लंडांत अशीं सुमारें १०,००० कौन्सिलें आहेत. कौन्सिलाला सभासद निदान पांच लागतात, आणि बहुतेकांना कपर्दिकही मिळत नाहीं. रस्त्यांतला खड्डा बुजविणें हें परगण्याच्या कौन्सिलाचें काम. घर बांधावयास परवानगी देणें हेंही पॅरिश कौन्सिलाहून वरच्यांचें. पॅरिश कौन्सिलानें फक्त मत कळवावयाचें. म्हणून त्याच्या इतिवृत्तांत ‘पत्र लिहावें असें ठरलें’ हें वाक्य पानोपानीं आढळतें.

डिसेंबर २०२० मध्यें चेशायर परगण्यांतील हँडफर्थच्या कौन्सिलाची एक सभा, महामारीमुळें, संगणकाच्या पडद्यावर भरली होती. तींत अध्यक्षच सभेबाहेर घालविले गेले, आणि तें करणाऱ्या जॅकी वीव्हर या बाई दोन महिन्यांनीं जगभर प्रसिद्ध झाल्या. तो आरडाओरडा पाहून सर्वत्र हंशा पिकला, आणि खेड्यांतल्या सभा म्हणजे हेंच, असा लोकांचा ग्रह झाला. मीं पाहिलेली सभा निराळी होती.

कायद्याप्रमाणें मार्चची पहिली तारीख आणि जूनची पहिली तारीख यांच्या दरम्यान गांवची वार्षिक सभा भरावी लागते, आणि ती संध्याकाळीं सहाच्या आंत सुरू करतां येत नाहीं; मजुराला काम आटोपून येतां यावें हा त्यांतला मूळ हेतु. मी मागच्या रांगेंत पाहुणा म्हणून बसलों होतों. हॉल पहिल्या महायुद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेला; दाराशीं त्यांचीं नांवें कोरलेलीं. त्यांतलीं दोन आडनांवें त्या महिन्याच्या फुलांच्या पाळींतही होतीं. हजर माणसें एकतीस. विषय होता चौकांतला एक दिवा. तो जुना झाला होता, वारंवार विझे. तो बदलावा कीं काढूनच टाकावा?

चाळीस मिनिटें चर्चा चालली. एक गृहस्थ रात्रीं दुर्बीण लावून तारे पाहणारे. त्यांनीं काळोख हीही गांवची संपत्ति आहे असें सांगितलें, आणि तें ऐकतांना मलाही पटलें. मग काठी टेकीत एक वृद्ध बाई उठल्या. त्या म्हणाल्या कीं, गुरुवारीं संध्याकाळच्या बसनें मी शहरांतून परत येतें; चौकापासून माझ्या दारापर्यंत दोनशें पावलें; त्यांतलीं पहिलीं साठ या दिव्यामुळें दिसतात, पुढचीं मला पाठ आहेत. कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत. तारे पाहणारे गृहस्थ थोडा वेळ खालीं पाहत राहिले, आणि त्यांनींच विचारलें कीं, उजेड फक्त खालीं पडेल अशी टोपी दिव्याला बसविली तर? मग खर्च, मग अकरा वाजतां दिवा आपोआप विझण्याची सोय, मग दुसऱ्या कंत्राटदाराचे दर मागविण्याचा ठराव. मोठमोठ्या विधिमंडळांतले वादविवाद मीं पुष्कळ वाचले आहेत. प्रतिपक्षाची अडचण ऐकून घेऊन स्वतःचेंच म्हणणें दुरुस्त करणारा वक्ता त्यांत मला फार क्वचित् भेटला. अर्थात् साठ पावलांचा प्रश्न सुटावयास सोपा असतो, असें कोणी म्हणेल. म्हणो बापडे.

परंतु हें सगळें टिकेल किती दिवस, ही शंका त्या चोपड्याचें प्रत्येक पान उलटतांना येते. कारण बातम्यांपेक्षां मोठें असें एक सदर त्यांत असतें, तें म्हणजे ‘हवे आहेत’. घंटा वाजविणारे हवे आहेत. सहा घंटा असल्या तर क्रम न चुकवितां त्या ७२० प्रकारांनीं वाजवितां येतात, आणि एवढें वाजवावयास सुमारें अर्धा तास लागतो. पण सहा घंटांना सहा माणसें लागतात, आणि गांवांत आतां चारच उरलीं आहेत. वर्षाच्या जत्रेनंतर टेबलें उचलावयास दोन तगडे गडी हवे आहेत. सभेपूर्वीं खुर्च्या मांडावयास माणसें हवींत. कौन्सिलाच्या दोन रिकाम्या जागांसाठीं कोणी उमेदवारच नाहीं. दुकान गेलें, त्याच्यामागून टपालकचेरी गेली. वेस्टबरी-सब-मेंडिप या त्याच भागांतल्या गांवीं फिरतें वाचनालय बंद झालें, तेव्हां लोकांनीं २००९ मध्यें टेलिफोनची जुनी तांबडी पेटी एका पौंडाला विकत घेऊन तींत पुस्तकें मांडलीं. ती कल्पना पुढें अनेक गांवांनीं उचलली, आणि प्रवासी तिचीं छायाचित्रें कौतुकानें काढतात. कौतुक योग्यच आहे. पण पेटीपुढें उभा राहिलों असतां जें वाचनालय गेलें त्याचाच विचार मनांत प्रथम येतो. गांवांतलीं कित्येक सुंदर घरें लंडनच्या लोकांनीं घेतलीं आहेत. शुक्रवारीं रात्रीं तेथें दिवे लागतात व रविवारीं मालवतात. अशा घरांतल्या माणसांचें नांव कोणत्याच पाळींत घालतां येत नाहीं.

हें दृश्य मला अगदींच अपरिचित नव्हतें. आमच्या कोंकणांतल्या गांवीं कुलपें लागलेलीं घरें गणपतींत उघडतात आणि विसर्जनानंतर पुन्हा बंद होतात. पालखीला खांदा द्यावयाचीं माणसें मुंबईहून रात्रीच्या गाडीनें येतात; देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गांवांत जमत नाहीं, ती मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांत जमते. आमच्याकडे मात्र ‘हवे आहेत’ असें कोणी छापीत नाहीं. कोण आलें नाहीं तें सगळ्यांना ठाऊक असतें, आणि त्याविषयीं बोलणें पारावर होतें, तेंही तो मनुष्य नसतांना.

गेल्या वर्षीं त्या ‘हवे आहेत’मध्यें एक मजकूर ओळीनें तीन महिने येत राहिला. हॉलच्या समितीला खजिनदार पाहिजे. वार्षिक सभेपर्यंत कोणी न मिळाल्यास समितीला काम थांबवावें लागेल. मी तोंपर्यंत पुण्यास परत आलों होतों. मासिक आतां संगणकावर येतें, आणि आमच्या घरीं तें दोघांत वाचलें जातें. चौथ्या महिन्यांत तो मजकूर नव्हता. त्याच्या जागीं, खजिनदाराचें काम अमुक यांनीं पत्करलें आहे, त्यांचे समिति आभारी आहे, अशी एक ओळ होती. नांव आमच्या मुलीचें होतें. आडनांवांतलें एक अक्षर चुकलें होतें.

तिनें आम्हांला कांहीं सांगितलें नव्हतें. ती गेली तेव्हां दोन वर्षांनीं परत येण्याचें बोलणें होतें. त्याला आतां आठ वर्षें झालीं. पारपत्र अजून भारताचेंच आहे, पण राष्ट्रकुलांतील रहिवासी म्हणून तिला तेथें मत देतां येतें, आणि ती देते. हें मला माहीत होतें, आणि त्याचें मला कधीं विशेष वाटलें नव्हतें. मत काय, मनुष्य कोठेंही राहून देतो. त्या रविवारीं बोलतांना मीं तिला विचारलें.

“बाबा, दुसरें कोणी पुढेंच येईना,” ती म्हणाली. “हॉल बंद झाला तर लहान मुलांचा वर्ग भरावयाचा कोठें? आणि काम तें काय! भाड्याच्या पावत्या, विजेचें बिल, छपराचा निधि.”

“मुदत किती?”

“तीन वर्षें. पुढें दुसरें कोणी मिळालें तर.”

मीं मनांत बेरीज केली. मिळालें तर, हा शब्द त्या गांवीं किती खरा ठरतो तें मी मासिकांतून वाचतच होतों. परत येण्याविषयींचा प्रश्न मी दर रविवारीं कोणत्या ना कोणत्या निमित्तानें काढीत असें. त्या दिवशीं तो काढला नाहीं, आणि त्यानंतरही काढलेला नाहीं. सौभाग्यवतींनीं मात्र फोन घेऊन एवढेंच विचारलें, “हिशेब रोजच्या रोज लिहून ठेवतेस ना? महिन्याच्या शेवटीं आठवत बसूं नकोस.”

तेव्हांपासून आम्हीं त्या अंकाचा क्रम उलटा केला आहे. पूर्वीं मी व्हिकरसाहेबांच्या पत्रापासून आरंभ करीत असें. आतां हॉलचा जमाखर्च आधीं पाहतों. छपराच्या निधींत भर पडत आहे, हळू पण पडत आहे. ऑगस्टच्या फुलांच्या प्रदर्शनांत चटणीच्या वर्गांत तिच्या सफरचंदाच्या चटणीला दुसरें बक्षिस मिळालें. हा वर्ग तेथें गांवोगांव असतो, आणि चटणी हा शब्द कोठून आला याची चौकशी कोणी करीत नाहीं. ती थोडी तिखट असल्याचा शेरा परीक्षकांनीं मारला होता; सौभाग्यवतींना तो मुळींच मान्य नाहीं. पर्जन्यमापकवाल्या गृहस्थांनीं यंदां पाऊस कमी असल्याचें लिहिलें आहे. चौकांतल्या दिव्याच्या कामाचे दुसरे दर आले आहेत, पण टोपीचा खर्च त्यांत धरलेला नाहीं, म्हणून पत्र लिहावें असें ठरलें आहे. उत्तर बहुधा पुढच्या अंकांत येईल. अंक पहिल्या आठवड्यांत निघतो.