दोन रिकामे कंस

प्रश्न विचारणे ही कला आहे, असे आमचे मास्तर सांगत. ते मला पटले २०२१ च्या मे महिन्यात, धरमपेठेतल्या घरी, रात्री दोन वाजता.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना १ एप्रिलपासून लस खुली झाली होती आणि सौभाग्यवतीची राहिली होती. (वय फोडल्याबद्दल आता बोलणी खावी लागणार!) पण 'कोविन'वर जागा दिसावी आणि बोट टेकेपर्यंत भरून जावी. शेवटी मी 'कर्ल'ला शरण गेलो.

कर्ल ही मोठी साधी वस्तू. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी, कळ दाबावी. दूरच्या संगणकाकडे प्रश्न जातो आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे समोर येऊन पडते. ना चित्र, ना रंग. डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश गृहस्थांनी, संगणकावर गप्पा मारणाऱ्या मंडळींना परकीय चलनाचे दर कळावेत म्हणून असले काही हाती घेतले आणि १९९८ साली त्याचे 'कर्ल' असे बारसे केले. कुठले चलन नि कुठली लस!

सरकारने लसीची चौकशी अशी थेट करण्याची सोय ठेवली होती. पिनकोड द्यावा, तारीख द्यावी. पाच मिनिटांत शंभराहून अधिक वेळा मात्र विचारू नये. मी ४४००१० लिहिले. उत्तराच्या माथ्यावर २०० चा आकडा आला. पत्ता चुकला तर ४०४ येतो; २०० म्हणजे प्रश्न पोचला, समजला. मी हर्षभराने खाली पाहिले. दोन चौकोनी कंस, आणि मध्ये काही नाही.

चूक असती तर दुरुस्त केली असती. या सभ्य नकाराला काय करावे? रस्त्यावरून रुग्णवाहिका जाई, मी पुन्हा कळ दाबी, पुन्हा २००, पुन्हा रिकामे कंस. आतून सौ. विचारी, "काही म्हणतंय का?"

"म्हणतंय. नाही म्हणतंय."

तिसऱ्या रात्री आई उठून आली. तिची लस मार्चमध्येच झाली होती. "काय विचारून राहिला रे त्याला?"

"धरमपेठेत लस आहे का."

"तीन दिवस तेच? काटोलचं विचार ना बाप्पा!"

काटोल आईचे माहेर. मी ४४१३०२ लिहिले. कंस उघडला आणि आत ओळीमागून ओळ उतरली. वय ४५. शिल्लक जागा ४.

सकाळी सहाला गाडी काढली. आईने दशम्यांचा डबा दिला आणि मामांना भेटून या म्हणाली. पण फाटकाबाहेरूनच.