गुलमर्गचा बर्फ आणि खर्चाची वही

श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटर अंतरावर, पीरपंजाल पर्वतरांगेच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवर गुलमर्ग वसलेले आहे. उन्हाळ्यात फुलांनी बहरणारे हे बशीसारखे विस्तीर्ण कुरण हिवाळ्यात पांढरेशुभ्र होते आणि देशातील स्कीइंगचे प्रमुख केंद्र बनते. काश्मीरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांतील तरुण मंडळी आता बर्फात छायाचित्रे काढून समाधान मानीत नाहीत. त्यांना स्की पायांत बांधून पाहावयाचे असते. हा खेळ खर्चिक समजला जातो. परंतु कोणता खर्च टाळण्याजोगा आणि कोणता अनिवार्य, याचा विचार निघण्यापूर्वी केल्यास तो मध्यम ऐपतीच्याही आवाक्यात येतो.

पहिला विचार वेळेचा. नाताळ आणि वर्षअखेर या दिवसांत विमानभाडे व हॉटेलचे दर शिखरावर असतात. मात्र तेव्हा पुरेसा बर्फ असेलच असे नाही. काश्मीरमधील ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा 40 दिवसांचा काळ 21 डिसेंबरला सुरू होतो. भरवशाचा बर्फ प्रायः जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मिळतो. तरीही निसर्ग करारपत्र लिहून देत नाही. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे जवळजवळ उघडी होती आणि बर्फ पडला तो महिनाअखेरीस. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा अपुऱ्या बर्फामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. म्हणून थोडे अधिक पैसे पडले तरी तारीख बदलता येईल असे आरक्षण करणे हिताचे ठरते.

दुसरा विचार साधनांचा. येथे व्यापाऱ्याचा साधा हिशेब उपयोगी पडतो. समजा, स्की, बूट व काठ्यांचा संच 40,000 रुपयांना मिळतो आणि त्याचे भाडे दिवसाला 1,000 रुपये आहे. वर्षातून पाचच दिवस खेळणाऱ्याला ही किंमत वसूल होण्यास आठ वर्षे लागतील. तोपर्यंत मुलांच्या पायांची मापे बदलतात, आणि प्रत्येक प्रवासात सामानाचे भाडे पडते ते वेगळेच. नवशिक्याने अशा वस्तूंत भांडवल गुंतवू नये. त्या गुलमर्गमध्येच भाड्याने घ्याव्यात. लांब कोट व गमबूट तर वाटेवरील तंगमर्गमध्येही भाड्याने मिळतात. जुन्या बाजारातील स्वस्त स्की-बूटांचा मोह विशेषच टाळावा. त्यांचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे पडून राहिल्याने ठिसूळ होते आणि ऐन उतारावर तडकू शकते.

विकत घ्यावयाच्या त्या केवळ अंगाला लागणाऱ्या वस्तू : थर्मल, लोकरीचे मोजे, जलरोधक हातमोजे आणि गॉगल. सुती कपडा घाम शोषून ओलाच राहतो, म्हणून तो आतून घालू नये. मधल्या थरासाठी नवा महागडा कोट लागत नाही. महाराष्ट्रातील शहरांत हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांचे जे स्वेटर-बाजार भरतात, त्यांतील साधे लोकरी कपडे पुरतात. आणि माल परत नेण्याऐवजी विकण्याकडे कल असतो तेव्हा, म्हणजे हंगाम सरताना, भावही उतरतात. वरच्या जाकिटात पिसांऐवजी कृत्रिम तंतूंचे अस्तर निवडल्यास ते स्वस्त पडते आणि भिजले तरी बऱ्यापैकी ऊब देते.

तिसरा विचार तिकिटांचा. गुलमर्गची प्रसिद्ध गोंडोला दोन टप्प्यांत चढते : प्रथम कोंगडोरीपर्यंत आणि पुढे अफरवट शिखराच्या बाजूस सुमारे 3,950 मीटरवर. निरभ्र दिवशी तेथून नंगा पर्वताचे दर्शन घडते. परंतु नवशिक्याचे पहिले दोन-तीन दिवस गावाजवळच्या सौम्य उतारावरच जातात. त्या दिवसांची गोंडोलाची तिकिटे काढणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय. सरकारी संस्थेचा अभ्यासक्रम हा आणखी एक किफायतशीर मार्ग आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे. शुल्कात निवास, भोजन, साधने व शिक्षण यांपैकी काय काय येते, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

मात्र काही ठिकाणी हात आखडता घेणे महागात पडते. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड खेळाडूचे वजन, उंची, वय व कौशल्य पाहून जुळवावी लागते. ती फार घट्ट राहिली तर पडताना बूट सुटत नाही आणि पाय मोडू शकतो. म्हणून दुकानदाराला खरे वजन सांगावे, घाई करू नये आणि हेल्मेट अवश्य घ्यावे. अनेक सर्वसाधारण प्रवास-विम्यांत साहसी खेळांतील अपघात वगळलेले असतात. थोडा अधिक हप्ता भरून ते समाविष्ट करावेत. अफरवटच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका खरा आहे. 1 फेब्रुवारी 2023 रोजी तेथे दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. त्या उतारावर अनुभवी वाटाड्याशिवाय जाऊ नये, आणि गस्तीपथकाने मार्ग बंद केला असेल तर तिकिटाचे पैसे वाया गेले तरी परत फिरावे.

अंदाजपत्रकात शिक्षकाचे मानधन, विमा आणि आकस्मिक खर्चाची तरतूद या रकमा प्रथम मांडाव्यात. हॉटेल, गोंडोला आणि खरेदी यांची आकडेमोड उरलेल्या रकमेतून करावी.