चंदनबालेच्या गोष्टीतली म्हातारी दासी



संवत्सरी झाली, पारणी झाली, फोनवरचे खमतखामणेही आता संपत आले. दरवर्षी मी वहीत नावं लिहून ठेवते आणि एकेकीशी बोलणं झालं की पुढे खूण करते. बी.कॉम. झालेल्या बाईची खोड, दुसरं काय! यंदा यादीतलं पहिलं नाव आमच्या बिल्डिंगमध्ये राहून गेलेल्या एका मुलीचं होतं. तिला फोन केला नाही. रिक्षा करून तिच्या खोलीवर गेले. का गेले, ते आज लिहिते आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. नाव, आडनाव, मजला काही लिहिणार नाही. कोणी ओळखलंच तर मनात ठेवा.

मी लग्न होऊन द्वारकेला आले त्याला अडतीस वर्षं झाली. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता आमच्या चौकात भेटतात. आधी उड्डाणपूल नव्हता तेव्हाही गोंगाट होता, पूल झाल्यावरही आहे. या गोंगाटात शेजारच्या घरातलं काही ऐकू येत नाही, असं आम्ही बिल्डिंगमधल्या बायका एकमेकींना सांगायचो. खरं सांगायचं तर ऐकू यायचं.

ती सून होऊन आली तेव्हा बावीस-तेवीसची असेल. पापड लाटायला, खाखरे करायला हाक मारली की यायची. हात भराभर चालायचा, बोलायची कमी. एकदा ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून आली. लाटता लाटता बाही वर सरकली आणि मला दंडावरचे वळ दिसले. मला दिसले हे तिलाही कळलं. मग हळूहळू तिनेच सांगितलं. नवरा मारतो. हातात दहा रुपये देत नाही. माहेरी फोन करायचा तर स्पीकर लावून, सगळ्यांसमोर.

मी काय म्हणाले माहीत आहे? "बेटा, संसार म्हटलं की थोडं चालायचंच. समता ठेव. कर्म खपतात. एक मूल झालं की बदलेल तो." आणि वर तिला चंदनबालेचा तेला करायला सांगितला. तिने तीन उपवास केले. तिसऱ्या दिवशीही तिने मार खाल्ला होता, हे मला फार उशिरा कळलं.

मूल झालं. तो बदलला नाही. एकदा समाजातली दोन मोठी माणसं घरी येऊन बसली. दोघांना समजावलं, चहा घेतला, गेली. त्या रात्री पुन्हा तेच.

मागच्या चातुर्मासातली गोष्ट. सूर्यास्ताला थोडा वेळ होता. माझा चौविहार असल्याने मी ताट घेऊन बसले होते. दारात ती उभी. कडेवर मुलगी, पायात चप्पल नाही, ओठ फाटलेला. आमचे हे म्हणाले, "आधी आत घे तिला." माझी सून फोन उचलून म्हणाली, "मम्मी, मी 112 लावते." मी तिचा हात धरला. म्हटलं, "थांब. आधी तिच्या सासऱ्यांशी बोलू, मोठ्यांना बोलावू. पोलीस म्हणजे समाजात किती चर्चा होईल!" सून शांतपणे म्हणाली, "मागच्या वेळी बोलावलंच होतं ना मोठ्यांना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने फोन लावला.

पोलीस म्हटलं की माझ्या मनात दंडुका आणि शिव्या. गाडी आली, त्यातून एक महिला कॉन्स्टेबल उतरली. माझ्या सुनेच्या वयाची. आत येऊन म्हणाली, "आधी पाणी द्या ताईंना. विचारायचं ते नंतर विचारते." तेवढ्यात नवराही खाली आला आणि गोड आवाजात 'घरचंच आहे, काही नाही' असं सुरू केलं. ती म्हणाली, "तुमचंही ऐकून घेऊ. आत्ता बाहेर थांबा." आणि दार लावून घेतलं. त्या बंद दारामागे ही मुलगी पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मग सिव्हिल हॉस्पिटल. मी सोबत गेले. कॉन्स्टेबल ताई मला म्हणाली, "काकी, आज लागलेलं आजच कागदावर आलं पाहिजे. आठ दिवसांत वळ जातात, मग कोण ऐकतं?" व्हाउचरशिवाय नोंद नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. एवढी वर्षं तिच्या वळांची नोंद कुणीच केली नव्हती. मीही नाही.

सगळंच गोड झालं असं सांगितलं तर खोटं होईल. ठाण्यात टेबलामागचे एक साहेब म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे, एन.सी. घ्या आणि सोडा." म्हणजे अदखलपात्र नोंद, पुढे काही नाही. पण तिथल्याच एका महिला अधिकाऱ्यांनी ते होऊ दिलं नाही. तिला समोर बसवून नीट जबाब घेतला आणि तिचे हक्क तिला समजेल अशा भाषेत सांगितले. मला वाटलं, काय भल्या बाई! नंतर कळलं की ते त्यांचं कायद्याने ठरलेलं कामच आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तक्रार आली की संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील कसा मिळतो, संरक्षणाचा आदेश कसा मागायचा, फौजदारी तक्रार कशी करता येते, हे त्या बाईला सांगणं या कायद्याने पोलिसांचं कर्तव्य केलं आहे. भल्या तर त्या होत्याच. पण आपण उपकार मागायला जात नाही, हे माहीत असलं की पायरी चढताना पाय कमी कापतात.

दोन दिवसांनी आम्ही 'महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षा'त गेलो. सगळे त्याला स्पेशल सेल म्हणतात. याची सुरुवात 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात झाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, पोलिसांच्या इमारतीत शिकलेल्या समाजसेविका बसवल्या. बाई घाबरत पोलिसांकडे येते, तिथेच तिला गणवेश नसलेलं, ऐकून घेणारं माणूस भेटावं, आणि त्या माणसामागे पोलिसांचं बळही असावं, ही कल्पना. पुढे राज्य सरकारने ती उचलली आणि असे कक्ष महाराष्ट्रभर झाले, इतर राज्यांनीही घेतले. आणि मी चाळीस वर्षांत त्याचं नावही ऐकलं नव्हतं!

तिथल्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुला काय हवंय?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. सासरचे काय म्हणतील, माहेरचे काय म्हणतील, समाज काय म्हणेल, ही उत्तरं तिच्याकडे तयार होती. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. बराच वेळाने म्हणाली, "मार थांबायला हवा. आणि मुलगी माझ्याजवळ."

मग ताईंनी एकेक रस्ता समजावला. नवऱ्यावर गुन्हा नोंदवायचा तर पूर्वीचं 498-अ, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालं. नाहीतर, किंवा त्याच्यासोबतच, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. त्यात मारहाण थांबवण्याचा आदेश, राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा मागता येतो. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला मन मानेल तसं बाहेर काढता येत नाही. हातात पैसा न देणं, दागिने अडवून ठेवणं, घालूनपाडून बोलणं हीसुद्धा या कायद्यात हिंसाच आहे. ते ऐकून मी माझ्याच मनात किती घरं मोजली, सांगत नाही.

माझं बी.कॉम. शेवटी कामाला आलं ते स्त्रीधनाच्या यादीत. ताई म्हणाल्या, यादी करून आणा. आम्ही दोघी माझ्या डायनिंग टेबलावर बसलो. रकाने आखले: वस्तू, वजन, कोणी दिली, कधी, पुरावा काय. सोनाराची बिलं तिच्या आईकडून मागवली. बिल नसेल तिथे लग्नाच्या अल्बममधला फोटो. त्रेचाळीस वस्तू झाल्या. स्त्रीधन पूर्णपणे बाईच्या मालकीचं, हे सुप्रीम कोर्टाने 1985 सालीच सांगून ठेवलंय. सासरच्यांना बोलावणं गेलं, बैठका झाल्या, आणि एका दुपारी पोलिसांसमोर एकतीस वस्तू परत मिळाल्या. आजीने दिलेलं चांदीचं पूजेचं ताट अजून मिळालेलं नाही. ती त्यासाठीच जास्त झुरते.

आता चंदनबालेकडे येते.

तेला आपण सगळ्याच करतो. राजकन्या वसुमती विकली जाते. धनावह शेठ तिला मुलीसारखी सांभाळतो. शेठ बाहेरगावी गेल्यावर मूला शेठाणी मत्सराने तिचं मुंडन करते, पायात बेड्या घालून तळघरात कोंडते. तीन दिवस उपाशी. मग सुपातले उडदाचे बाकुळे, एक पाय उंबरठ्याच्या आत, एक बाहेर, डोळ्यांत पाणी, आणि भगवान महावीरांचा पाच महिने पंचवीस दिवसांचा अभिग्रह पूर्ण होतो. लहानपणापासून ऐकत आले. पण माझं लक्ष नेहमी बाकुळ्यांवर आणि अश्रूंवर. ती एका प्रतिष्ठित घराच्या तळघरात कोंडलेल्या मुलीची गोष्ट आहे, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या घरात नोकरचाकर भरपूर होते. सगळ्यांना माहीत होतं. शेठ परत येऊन 'चंदना कुठे आहे' विचारतो तेव्हा शेठाणीच्या भीतीने कुणी तोंड उघडत नाही. शेवटी एक म्हातारी दासी पुढे होते. आपलं वय झालं, मरण जवळ आलंय, आता शेठाणी माझं काय वाकडं करणार, असा विचार करून ती शेठला तळघर दाखवते. आणि शेठ काय करतो? हाताला लागले ते बाकुळे तिच्यापुढे ठेवतो आणि लोहाराला बोलवायला धावतो. कारण बेड्या माया केल्याने तुटत नाहीत. त्यांना लोहारच लागतो.

मैत्रिणींनो, मी साठी ओलांडली आहे. सासू नाही, नवऱ्याचा धाक नाही, मुलं मार्गी लागली. मला कोण काय करणार होतं? तरी मी बाकीच्या नोकरांसारखी गप्प बसले. पाणी गाळून पिणारी मी, मुंगी चिरडू नये म्हणून ओटा जपून पुसणारी मी. आणि गप्प बसायला नाव दिलं 'समता'चं.

क्षमा आपल्या धर्माचा प्राण आहे, त्यावर माझी श्रद्धा तसूभर कमी झालेली नाही. पण क्षमा मार खाणारीच्या मनातून यायची गोष्ट आहे. शेजारणीने तिच्यावर लादायची नाही. शिवाय मारणाऱ्याला थांबवलं तर त्याचाही कर्मबंध थांबतो, हे आपण का विसरतो?

काहीजणी म्हणतील, खोट्या तक्रारीही होतात, सगळं घर आत जातं. ही भीती मलाही होती. पण असा गुन्हा नोंदला की लगेच अटक, असं आता नाही. अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांना लेखी द्यावी लागतात, असा सुप्रीम कोर्टाचा 2014 चा निकाल आहे. आणि हिंसाचाराचा कायदा फक्त सुनांसाठी नाही. आई, बहीण, विधवा जाऊ, सगळ्यांना तो आहे. उद्या आपल्यालाही लागू शकतो.

सरकारच्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळपास 29 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त 14 टक्क्यांनी. तीही बहुतेक माहेरी. आपल्या स्थानकात शंभर बायका बसल्या तर हिशेब तुम्हीच करा.

म्हणून हे वहीत लिहून ठेवा. तातडीला 112. सल्ल्यासाठी महिलांची हेल्पलाइन 181. मोफत वकिलासाठी 15100. स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही. जखमेचा कागद त्याच दिवशी. तारखा टिपून ठेवायच्या. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले एका पिशवीत, आणि ती पिशवी एखाद्या विश्वासाच्या काकीकडे.

तिची केस चालू आहे. साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. खर्चाचा अंतरिम आदेश मिळाला, पैसे कधी येतात कधी नाही. ती एका दुकानात हिशेब लिहिते. टॅली मी शिकवलं, म्हणजे आधी सुनेकडून मी शिकले आणि मग तिला शिकवलं.

त्या दिवशी तिच्या खोलीवर गेले, हात जोडले आणि म्हटलं, "त्या पापडांच्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. मिच्छामि दुक्कडम्." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकी, तुम्ही सांगितलं म्हणून मी अजून तीन वर्षं राहिले."

तिने माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. तिने उकळलेलं पाणी गाळून पुढे ठेवलं. मी प्यायले. मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली.

तुमच्या वरच्या मजल्यावरही कुणी लांब बाह्यांची असेल. यंदा तेला करा, जरूर करा. पण त्याआधी तिचं दार वाजवा.

जय जिनेंद्र.