चवीपुरता ब्रेक

पाककृतीच्या पुस्तकात 'मीठ चवीपुरते' असं पहिल्यांदा ज्यानं लिहिलं, त्याला मी फार मोठा विचारवंत समजतो. आमच्या बँकेत हे चालायचं नाही. 'व्याज चवीपुरते' असं लिहिलं तर ऑडिटर पाट्यावर आमचीच चटणी वाटील. पण घरोघरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबावर स्वयंपाक करत आल्या आणि त्यांचा ताळेबंद सहसा चुकला नाही. असं असूनही त्याच बाईच्या हाती स्कूटरची किल्ली द्यायची वेळ आली, की समस्त पुरुषवर्ग एका सुरात म्हणतो, "बायकांना अंदाज नसतो!"

सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायची बंदी होती. ती २४ जून २०१८ रोजी उठली, तेव्हा "काय मागासलेले लोक जी!" म्हणणारे आमच्या आर्णीतही बरेच निघाले. आपल्याकडे तसली बंदी नव्हती. १९८८चा मोटार वाहन कायदा वय विचारतो, परीक्षा घेतो; पण नवऱ्याची संमती कुठेही मागत नाही. बारीक अक्षर वाचायची मला खोडच आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. कायद्यानं बाई मोकळी होती. फक्त किल्ली नवऱ्याच्या खिशात होती.

आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांचा खिसा असाच खोल. वहिनींची जवसाची चटणी मात्र साऱ्या गल्लीत प्रसिद्ध. जवस मंद आचेवर भाजायचा. तडतडायला लागला की हात थांबवायचा नाही, आणि तडतड मंदावली की कढई खाली! जरा आधी उतरवली तर चटणी कच्ची, जरा उशीर झाला तर कडू. मग लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ आणि खलबत्ता. घड्याळ नाही, तराजू नाही, सगळा कारभार कानानं आणि नाकानं. एवढं ज्या बाईला जमतं तिला ब्रेक कधी दाबावा हे कळणार नाही, असं भाऊसाहेबांचं ठाम मत.

वहिनींची आई दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यात एकटी राहते. तिच्याकडे जायचं तर रविवार हवा, भाऊसाहेबांचा मूड बरा हवा आणि टीव्हीवर क्रिकेट नको. हे तिन्ही ग्रह एका राशीला यायला कधी दोन-दोन महिने लागत. म्हातारी मात्र दर रविवारी ओसरीवर बसून गाडीच्या आवाजाकडे कान लावून असायची.

शेवटी वहिनींनी चटणीच्या पैशातून शिकाऊ परवाना काढला आणि भाचीच्या स्कूटरवर हात बसवला. भाऊसाहेबांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं, "हायवेवर ट्रक असतात. बाईमाणसाला झेपत नाही जी!"

मी म्हटलं, "अहो, साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली."

"तिथं रूळ असतात ना भाऊ! गाडी वळवाच लागत नाही."

यावर रेल्वे बोर्डाकडेही उत्तर नसावं.

परीक्षेच्या दिवशी नेमकी दोन किलो चटणीची मागणी होती. भाचीबरोबर यवतमाळला निघताना वहिनी म्हणाल्या, "जवस तेवढा भाजून ठेवा."

"किती वेळ?"

"अंदाजानं."

दुपारी शेजारून असा धूर निघाला की आम्ही बादल्या घेऊन धावलो. कढई काळी, जवस काळा, भाऊसाहेब त्याहून काळे. संध्याकाळी वहिनी पास होऊन परतल्या. कढईत डोकावून शांतपणे एवढंच म्हणाल्या, "ब्रेक उशिरा लागला जी."

आता म्हातारीला रविवारची वाट पाहावी लागत नाही. बुधवारीसुद्धा स्कूटर दारात येते. कधी कधी मागच्या सीटवर भाऊसाहेब असतात, मांडीवर चटणीची बरणी धरून. खड्डा आला की ते हवेतल्या हवेत पाय दाबतात.

चवीपुरता.