रात्रीपुरती जागा

प्रवासाला निघालेल्या माणसाला दिवसाची काळजी नसते. दिवस कसाही जातो, एस. टी.च्या खिडकीत जातो, चहाच्या टपरीवर जातो. खरा प्रश्न उभा राहतो तो दिवेलागणीला: आज पाठ कुठे टेकायची? आपल्या वाडवडिलांनी या प्रश्नाची सोय करून ठेवली होती. धर्मशाळा होत्या, देवळांच्या ओवऱ्या होत्या, गावची चावडी होती. आणि यांतले काहीच नसले, तर कुणाच्या तरी सोप्यात घोंगडे पसरण्यापुरती जागा निघेच. आता हॉटेलातल्या खोल्या घरबसल्या मोबाइलवर ठरतात आणि संध्याकाळची ती गोड धाकधूक पार संपली आहे.

ती परत मिळवण्यासाठी लोक काय काय करतात! आमचा एक वर्गमित्र ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला आहे. निवृत्त होताच त्याने बायकोला बरोबर घेतले आणि झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोटारीतून तिथला ओसाड अंतर्भाग पालथा घातला. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत स्टुअर्ट हायवे नावाचा रस्ता तांबड्या मातीतून २,७०० किलोमीटरहून अधिक धावतो. त्यावरून अशी पिकल्या केसांची जोडपी महिनोन्‌महिने हिंडतात. तिकडे त्यांना 'ग्रे नोमॅड', म्हणजे करड्या केसांचे भटके, असेच नाव पडले आहे. "अरे, गाडी थांबली की तेच घर," मित्र फोनवर सांगत होता. "भाडे नाही, मालक नाही, चांदण्यांखेरीज शेजारी नाही!"

झाले! कोल्हापुरातल्या आम्हा चौघा मित्रांच्या डोक्यात हे वारे शिरले. एक डॉक्टर, एक वकील, एक मास्तर आणि बँकेत जन्म काढलेला मी. डॉक्टरांनी एक टेम्पो ट्रॅव्हलर मिळवली. आत दुमजली बाके, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सगळे काही होते. मास्तरांनी तिचे बारसे केले, 'घरगाडी'. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र यायला साफ नकार दिला. "घरातला स्वयंपाक मोटारीत करायचा, ही सहल कुणाची?" या प्रश्नाला चौघांपैकी एकाकडेही उत्तर नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर, कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही निघालो. रंकाळा मागे पडतो न पडतो तोच वकिलांनी पहिला आक्षेप नोंदवला. "ऑस्ट्रेलियात एका चौरस किलोमीटरला तीन-साडेतीन माणसे. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीत पाचशे चार! तिथे गाडी थांबली की घर. इथे गाडी थांबली की पाच माणसे विचारायला हजर. बिनमालकाची जागा आणणार कुठून?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेताला सातबारा असतो, गायरान गावाचे असते, जंगल वनखात्याचे. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात राहावे, असे मास्तरांच्या फार मनात होते. पण १९५८ पासूनचे हे अभयारण्य गव्यांचे घर आहे, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत तेही आहे. वाटेल तिथे गाडी लावून झोपण्याची ती जागा नव्हे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने अशा घरगाड्यांसाठी खास धोरण आखले हे खरे. पण धोरणावर पाठ टेकता येत नाही. शेवटी वकिलांनीच निकाल दिला, "जागा शोधायची नाही. विचारायची."

पहिली संध्याकाळ पन्हाळ्यापलीकडे मसाई पठाराच्या पायथ्याशी झाली. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि भर पावसात विशाळगडाकडे गेले, ते याच पठारावरून. भाद्रपदात या कातळावर रानफुलांचा गालिचा असतो. आम्ही गेलो तेव्हा गवत सोनेरी झाले होते, आणि अशा वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. म्हणून गाडी वर न नेता खालच्या वाडीत एका खळ्याशी उभी केली. घरातून एक आज्जी कपाळावर हात धरून बाहेर आल्या.

"कुणाचं पाव्हणं म्हणायचं?"

"कुणाचेच नाही, आज्जी. रात्रीपुरती जागा पाहिजे होती."

"कुणाचंच न्हाई, म्हंजी आमचंच की! ऱ्हावा. पर गंजीजवळ इस्तू नगं. आन् भांड्याचं पाणी वड्यात सोडू नगासा, खाली गुरं पित्यात."

मुक्कामाचे सारे कायदे आज्जींनी दोन वाक्यांत सांगून टाकले. तासाभरात भाकऱ्या, खर्डा आणि गाडगेभर दही आले. आमची शेगडी फक्त चहापुरती पेटली. सकाळी डॉक्टरांनी आज्जींचा रक्तदाब पाहिला. ही बातमी वाडीत कशी फिरली कोण जाणे, पण घटकाभरात घरगाडीचा दवाखाना झाला!

दुसरा मुक्काम गगनबावड्याला केला. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरवर सह्याद्रीचा माथा संपतो आणि करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. एका देवळाच्या आवारात पुजाऱ्यांनी जागा दिली. पहाटे दरीतून धुके असे वर आले, की गाडीचे दार उघडल्यावर पायरीसुद्धा दिसेना. मास्तर घोंगडे पांघरून तासभर नुसते बसून राहिले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांनी कुणाला काही शिकवले नाही.

खरा धडा तिसऱ्या रात्री मिळाला. परतताना साळवणच्या अलीकडे, भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात धनगरांचा तळ पडला होता. शेकडो मेंढरे दाटीवाटीने बसलेली, लहान कोकरे वाघरीच्या जाळ्यात, बिऱ्हाड वाहणारी घोडी बाजूला, आणि कुत्री आमच्यावर नजर ठेवून. शेतमालकाला विचारून आम्ही बांधाकडेला गाडी लावली आणि शेकोटीशी जाऊन बसलो. पावसाळ्यात चिखलपाण्यात मेंढरू टिकत नाही. म्हणून पावसात पूर्वेकडचा कोरडा मुलूख आणि पिके निघाली की इकडची खाचरे, असे त्यांचे वर्षाचे चक्र. म्हाताऱ्या धनगरमामांनी घरगाडी आतून-बाहेरून निरखून पाहिली आणि विचारले, "ह्येचं भाडं किती?"

आम्ही आकडा सांगितला. मामा मिश्यांत हसले.

"तुम्ही पैसं दिऊन भाईर झोपता. आम्ही पैसं घिऊन झोपतो!"

यात थट्टेचा भाग थोडा आणि हिशेबाचा फार होता. मेंढरे रात्रभर ज्या शेतात बसतात, त्याला लेंड्यांचे नि मुताचे सकस खत मिळते. त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, नाहीतर रोख रक्कम. 'मेंढरं बसवणे' म्हणतात ते हेच. जागेच्या मालकाने भाडे मागण्याऐवजी उलट पाहुण्यालाच द्यावे, असा हा मुक्काम! फुकटचा म्हणावा तर तो अजिबात नाही. उतरणारा माणूस जमिनीला देऊन जातो, म्हणूनच पुढल्या साली त्याला बोलावणे येते.

झोपताना वकील अंधारात बोलू लागले. ऑस्ट्रेलियाची भूमी बिनमालकाची, असे गोऱ्यांचा कायदा दोनशे वर्षे मानत आला. १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेबो खटल्यात ती समजूत खोडून काढली आणि मूळ रहिवाशांचा हक्क मान्य केला. तिथल्या उलुरू या पवित्र खडकावर चढणे तर २०१९ पासून बंदच आहे. "तेव्हा मालक नाही असे तिथेही नव्हते," वकील म्हणाले. "विचारले नव्हते, एवढेच."

पहाटे चारला जाग आली ती बैलांच्या घुंगरांनी. शेजारच्या फडात ऊसतोडीची टोळी उतरली होती. बीडकडची माणसे. चुली पेटल्या होत्या, आणि पाचटाच्या कोपीशी एक बाई तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी हात लावून पाहिले आणि म्हणाले, "दवाखान्यात न्यायला हवे."

"खाडा पडंल, दादा," बाई म्हणाली. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस चुकला की तो अंगावर चढतो. उघड्यावरचे हे बिऱ्हाड हौसेचे नव्हते.

मग मी मुकादमाशी बोललो. बँकेत वसुलीची भाषा मी पस्तीस वर्षे बोललो होतो, ती प्रथमच उलट्या बाजूने वापरली. दोन तासांची सवड मिळाली. आमच्या खालच्या बाकावर मायलेकरांना निजवून आम्ही सरकारी दवाखाना गाठला. दुपारपर्यंत मुलाचा ताप उतरला. बाई मात्र त्याआधीच फडात परत गेली होती आणि मूल झोळीत, मोठ्या बहिणीच्या राखणीत होते. बहीण असेल आठ वर्षांची. मास्तरांनी तिला शाळेचे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "गावाकडं हाये." पुढे काही विचारण्याचे मास्तरांना धैर्य झाले नाही.

वाचकहो, तुम्हीही असे निघणार असाल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने चांगले. आकाश स्वच्छ असते आणि खाचरे मोकळी. पाणी भरपूर घ्यावे, केरकचरा परत आणावा, माळावर जाळ करू नये, आणि दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी दाराशी उभे राहून जागा मागावी. 'नाही' म्हणणारे फार थोडे भेटतील. फक्त घर सोडण्यापूर्वी एकदा चाचपून पाहावे, की मेंढरू एका रात्रीत ठेवून जाते, तेवढे ठेवून येण्याजोगे आपल्याजवळ काय आहे.